पीक आलं, पण तांब्याचं: थरांच्या मटेरियलमधून एक्सरे काढायचा एक प्रयत्न

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या ग्रुपचं आहे. एक सर, एक पीएचडी करणारी मुलगी, मी, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळणारे एक काका, ज्यांचं नाव सहसा पेपरवर येत नाही पण ज्यांच्याशिवाय इथे पान हललं नसतं. नावं, जागा सगळं काढून टाकलंय, एकतर जे चुकलं ते कुठेही चुकू शकतं आणि दुसरं म्हणजे त्यात लाजण्यासारखंही थोडं आहे.

आधी कल्पना काय ते सांगतो. रोंटगेनने १८९५ मध्ये एक्सरे शोधले तेव्हापासून ट्यूबचं तत्त्व तेच आहे, इलेक्ट्रॉन धातूवर आपटायचे, ९९ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेल्या चिमूटभरातून एक्सरे येतात. त्यातही जी ठळक लाइन असते ती धातूच ठरवतो, तांबं असेल तर ८.०५ केइव्ही (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक), मॉलिब्डेनम असेल तर १७.५, मधलं काही हवं असेल तर बसा हात चोळत. दुसरीकडे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनला गोल पळवणारं मशीन, तिथे हवी ती ऊर्जा मिळते पण मशीनचा घेर शेकडो मीटर, फ्रान्समधल्या ईएसआरएफचा ८४४ मीटर आहे. एवढं मोठं का, तर तिथे इलेक्ट्रॉनला हेलकावे देणारी चुंबकांची रांग असते आणि तिचा पिरियड, म्हणजे एका हेलकाव्याचं अंतर, सेंटिमीटरांमध्ये असतो, आणि एवढ्या मोठ्या पिरियडमधून एक नॅनोमीटरची लाट काढायची तर इलेक्ट्रॉनला दीड-दोन जीइव्हीपर्यंत (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट) पळवावंच लागतं.

मग साहजिक प्रश्न येतो की पिरियडच लहान केला तर? ग्रॅफाइटमध्ये दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये (आम्ही त्याला लॅबमध्ये नुसतं मॉली म्हणतो) ०.६१५, टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये ०.६५ च्या जवळपास. इलेक्ट्रॉन एकेक थर ओलांडत जातो, प्रत्येक थरापाशी थोडं थोडं रेडिएशन सुटतं, आणि एका ठराविक दिशेला ठराविक तरंगलांबीसाठी ते सगळं एकमेकांत मिळून वाढतं. यात दोन गोष्टी एकदम चालू असतात, एक म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं विद्युतक्षेत्र थरांवरून विखुरतं, त्याला पॅरामेट्रिक एक्सरे रेडिएशन म्हणतात, आणि दुसरं म्हणजे थरांच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन स्वतः डचमळतो, ते कोहेरंट ब्रेमस्ट्राहलुंग. दोन्ही एकाच ऊर्जेला येतात त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या ऊर्जेचे किती एक्सरे आले त्याचा आलेख) वेगळे दिसत नाहीत.

कल्पना जुनी आहे, १९८५ मध्ये सायबेरियातल्या तोम्स्कला पॅरामेट्रिक रेडिएशन पहिल्यांदा दिसलं तेव्हा इलेक्ट्रॉन शेकडो एमइव्हीचे (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) होते. २०२० मध्ये इस्रायलच्या टेक्नियनमधल्या इडो कामिनर यांच्या ग्रुपने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर फोटॉनिक्समध्ये दाखवलं की साध्या टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार पाठवणारा मायक्रोस्कोप) असं थरांचं, म्हणजे व्हॅन डर वाल्स मटेरियल ठेवलं आणि व्होल्टेज बदललं की लाइन सरकते. हे वाचून आमच्या सरांना वाटलं की टीईएम आहे, एक्सरेची ऊर्जा मोजणारा ईडीएस डिटेक्टर आहे, टेपने थर सोलायची सवय आहे, आपण का नाही. प्रपोजलमध्ये तर कॉम्पॅक्ट, टेबलावर मावणारा सोर्स असं लिहिलं गेलं.

थरांचंच मटेरियल का, साधा सिलिकॉनचा क्रिस्टल का नाही, हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला आला होता. कारण थर एकमेकांना ढिले चिकटलेले असतात, टेपने सोलून हवा तेवढा पातळ तुकडा मिळतो, आणि एका मटेरियलवर दुसरं ठेवताना क्रिस्टलची जाळी जुळवत बसावी लागत नाही. अंतर बदललं की ऊर्जा बदलते, म्हणजे मटेरियल निवडणं हेच एक बटण झालं. शिवाय पातळ तुकड्यातून बहुतेक इलेक्ट्रॉन आरपार निघून जातात, ट्यूबमधल्या अॅनोडसारखी सगळी उष्णता तिथेच साठत नाही.

अडचण

गणित सोपं आहे. तरंगलांबी म्हणजे थरांमधलं अंतर गुणिले (१ भागिले बीटा, वजा कॉस थीटा). बीटा म्हणजे इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या किती पट, आणि थीटा म्हणजे बीमच्या (इलेक्ट्रॉनच्या झोताच्या) दिशेपासून डिटेक्टर किती अंशांवर. आमचा डिटेक्टर नमुन्याच्या वरच्या बाजूला २० अंशांच्या कोनात बसतो, म्हणजे थीटा ११०. मॉली घ्या, १०० केव्ही (हजार व्होल्ट) व्होल्टेज घ्या, बीटा ०.५४८, तरंगलांबीवरून ऊर्जा काढली की उत्तर येतं ९३० इव्ही, म्हणजे ०.९३ केइव्ही.

१०० केव्ही का घेतलं तर २०० ला गंधकाचे अणू जागेवरून उडतात ही भीती होती. तसं बघितलं तर १०० ला पण थोडे उडतातच, उंबरठा त्याच्या जरा खाली आहे, पण २०० पेक्षा बरं असं धरून चाललो.

नमुना केला, सोललेला तुकडा, नेहमीच्या ग्रिडवर (नमुना ठेवायची धातूची बारीक जाळी), बीम थरांना काटकोनात. दहा मिनिटं मोजलं आणि ०.९३ केइव्हीला छान उभं टोकदार पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा. पीएचडीवाल्या मुलीने धावत येऊन सांगितलं, "सर, पीक आलं!" आणि सर कधी नव्हे ते खुर्चीतून उठून स्क्रीनपर्यंत गेले. सूत्राने ९३० सांगितलं आणि ९३० लाच आलं, अजून काय पाहिजे. त्याच आठवड्यात एका कॉन्फरन्ससाठी अॅबस्ट्रॅक्टचा कच्चा मसुदा पण झाला.

तीन-चार दिवसांनी काकांनी सहज विचारलं, "अगं, ग्रिड कुठली वापरलीस?"

"नेहमीचीच काका, तांब्याची."

काका काही बोलले नाहीत, भिंतीवर लावलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं. तांब्याची एल लाइन, ०.९३० केइव्ही. (लाइनींची के, एल, एम ही नावं अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या कवचांवरून आहेत.)

आता हे आम्हाला माहिती नव्हतं असं नाही. ईडीएस करणाऱ्या प्रत्येकाला तांब्याच्या लाइनी पाठ असतात. पण झालं असं की तांब्याची ग्रिड वापरणारे सगळेच सॉफ्टवेअरमध्ये तांबं वगळून टाकतात, नाहीतर नमुन्यात तांबं आहे असं ते प्रत्येक वेळी सांगत बसतं, आणि आमच्या प्रोफाइलमध्ये ते कधीतरी वर्षांपूर्वी वगळलेलं होतं. त्यामुळे सॉफ्टवेअरने त्या पीकला नाव दिलंच नाही. नाव नसलेलं पीक बघून आम्ही समजलो की हे आपलंच. ८.०५ ला तांब्याची के लाइन पण चांगली ठसठशीत उभी होती, पण ती नेहमीच दिसते म्हणून तिकडे कोणी बघत नाही. पेरलं एक आणि उगवलं तण, अशी गत.

बीम नमुन्यावरून काढून ग्रिडच्या रिकाम्या भोकातून पाठवला तरी ०.९३ तसंच. इकडे तिकडे विखुरलेले इलेक्ट्रॉन ग्रिडच्या पट्ट्यांवर आपटत होते, बस. मग २०० केव्हीला गेलो, तिथे आपली लाइन ११३० ला जायला हवी होती, तांब्याचं पीक जागचं हललं नाही आणि ११३० ला काहीच नाही. म्हणजे अडचण दुप्पट झाली, जे दिसत होतं ते आपलं नव्हतं आणि जे आपलं होतं ते दिसतच नव्हतं.

अॅबस्ट्रॅक्ट पाठवलं नव्हतं हे नशीब.

का दिसलं नाही

यावर आम्ही बरेच दिवस घालवले, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग हाच आहे, तांब्याचं ते एक वेळ लपवता आलं असतं.

ईडीएस डिटेक्टर विकत घेताना सगळे एकच विचारतात की सॉलिड अँगल किती, म्हणजे नमुन्यावरून बघितलं तर डिटेक्टर केवढी दिशा व्यापतो. जितका मोठा तितके जास्त फोटॉन, तितकं पटकन काम. आमचा ०.१३ स्टेरेडियन. साधी लाइन सगळ्या दिशांना एकाच ऊर्जेची जाते, तांबं वर बघा नाहीतर खाली बघा ९३० च, त्यामुळे डिटेक्टर मोठा असला की फायदाच. पण आपली लाइन दिशेनुसार ऊर्जा बदलते, सूत्रात थीटा बसलाय ना. ०.१३ स्टेरेडियन म्हणजे डिटेक्टरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण ०.४ रेडियन, २३ अंशांच्या आसपास. २०० केव्हीला एवढ्या कोनात ऊर्जा २० टक्क्यांच्या वर बदलते. ११३० इव्हीच्या लाइनचं २४० इव्ही रुंद असं एक चपटं उंचवट्यासारखं काहीतरी होतं आणि ते साध्या ब्रेमस्ट्राहलुंगच्या (इलेक्ट्रॉन अणूंपाशी अडखळताना सुटणारे सगळ्या ऊर्जांचे एक्सरे) बॅकग्राउंडमध्ये विरून जातं. डिटेक्टरचं स्वतःचं रिझोल्यूशन त्या ऊर्जेला ७५ इव्हीच्या आसपास, म्हणजे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

गंमत अशी की डिटेक्टर जितका चांगला तितकं आमचं सिग्नल वाईट. हे ती बोलली तेव्हा सरांनी दोनदा विचारलं की नक्की का, मग फळ्यावर स्वतः करून बघितलं.

पर्याय काय होते

पहिला पर्याय, मॉली ठेवायचं, ग्रिड बदलायची. पहिल्यांदा सोन्याची ग्रिड सुचली. मॉलीला ती चालली असती, सोन्याची एम लाइन २.१२ ला आहे, लांब. पण दुसऱ्या ऑर्डरचं, म्हणजे दुप्पट ऊर्जेचं पीक २०० केव्हीला २.२६ ला यायला हवं आणि तिथे मॉलिब्डेनमची एल लाइन २.२९ आणि गंधकाची के २.३१, दोन्ही नमुन्यातल्याच, त्या काढता येत नाहीत. म्हणजे मॉलीत फक्त पहिल्या ऑर्डरवर भिस्त. शिवाय एक केइव्हीला मॉली स्वतःच एक्सरे गिळतं, अर्ध्या मायक्रॉनमध्ये बरेचसे जातात, त्यामुळे उद्या जाड करून फोटॉन वाढवू म्हटलं तर तो रस्ता लवकर संपतो.

दुसरा, टंगस्टन डायसेलेनाइड. जड अणू आहेत, रेडिएशन जास्त मिळायला हवं. २०० केव्हीला लाइन १.०७ ला, सेलेनियमची १.३८ आणि टंगस्टनची १.७८ दोन्ही लांब. कागदावर हा पर्याय मला सगळ्यात आवडला होता. पण आमच्याकडचे तुकडे लहान होते, आणि जड मटेरियलमध्ये इलेक्ट्रॉन पटकन इकडे तिकडे वळतो, म्हणजे खूप थर ओलांडायच्या आत दिशा बिघडते आणि लाइन अजून फिस्कटते.

तिसरा, ग्रॅफाइट. अणू हलका म्हणून सिग्नल कमी. पण बाकी सगळं सोयीचं, स्वतःची लाइन एकच, कार्बनची ०.२७७, खूप खाली. दोन केइव्हीचा एक्सरे ग्रॅफाइटमधून दहा-पंधरा मायक्रॉन आरामात जातो. वीज वाहतं म्हणून चार्ज होत नाही. थराच्या दिशेने उष्णता तांब्यापेक्षा कितीतरी चांगली पसरवतं. हेक्झागोनल बोरॉन नायट्राइडचं अंतर पण जवळपास तेवढंच आहे पण ते इन्सुलेटर, बीमखाली चार्ज होऊन हलत बसलं असतं, ते लगेच बाद.

चौथा, टीईएम सोडून एसईएमला (कमी व्होल्टेजचा, लहान इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) जायचं, ३० केव्ही. कॉम्पॅक्ट सोर्स म्हणताय ना मग ३० केव्हीच हवं, हा सरांचा मुद्दा आणि तो बरोबरच होता. ३० केव्हीला ग्रॅफाइटची लाइन एक केइव्हीच्या जरा वर पडते, कोनाप्रमाणे. पण कमी वेगाच्या इलेक्ट्रॉनचं वळणं जास्त, आणि आम्ही अजून एकही खरं पीक बघितलेलं नव्हतं. आधी एकदा नक्की दिसू दे, मग लहान करू, असं ठरलं.

ग्रॅफाइट घेतलं.

इथे एक टेबल केलं, जे खरंतर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. डाव्या बाजूला व्होल्टेज आणि ग्रॅफाइटची लाइन: ६० केव्हीला १.४३, ८० ला १.५९, १०० ला १.७१, १२० ला १.८१, २०० ला २.०८. उजव्या बाजूला आजूबाजूला जे जे काही सापडू शकतं त्याच्या लाइनी. आणि मग एकेक गोष्ट बाद होत गेली. १०० केव्ही बाद, कारण सिलिकॉनची लाइन १.७४ आणि सिलिकॉन कुठून येईल तर नमुन्याखालच्या सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ मेम्ब्रेनमधून, नाहीतर तुकडा उचलून ठेवताना वापरतात त्या सिलिकोन स्टॅम्पच्या राहिलेल्या थरातून. स्टॅम्प बाद. आयन बीमने कापलेला नमुना बाद, त्यात वरून प्लॅटिनमचा थर असतो, २.०५, अगदी २०० केव्हीच्या लाइनला चिकटून. आणि सोन्याची ग्रिड, जी मॉलीसाठी आम्ही ऑर्डर करायला निघालो होतो, तिची २.१२, ती पण बाद. उरली कोण, तर तांब्याची ग्रिड! ०.९३ आणि ८.०५, ग्रॅफाइटच्या कुठल्याच लाइनच्या आसपास नाही. ज्या ग्रिडने तोंडघशी पाडलं तीच परत वापरली.

काय केलं

डिटेक्टरसमोर बारीक छिद्राची पट्टी लावायची कल्पना होती. काकांनी सरळ नाही म्हटलं, मायक्रोस्कोपच्या आत बाहेरची वस्तू घालायची नाही, पडली तर महिनाभर मशीन बंद. त्यांनी दुसरंच सांगितलं, डिटेक्टर सरकणारा आहे तर त्यालाच मागे घ्या की. अंतर अडीच पट केलं की सॉलिड अँगल सव्वासहा पटीने कमी, ०.०२ च्या आसपास. एक स्क्रू पण न लावता काम झालं.

किंमत अर्थात वेळेची. दहा मिनिटांचं मोजमाप तासाच्या वर गेलं. तेवढ्या वेळात तुकडा सरकतो, बीमखाली कार्बनचा कचरा साठतो, आणि ग्रॅफाइटवर कार्बनचा कचरा साठला तर तो ईडीएसमध्ये ओळखताही येत नाही, दोन्ही कार्बनच. म्हणून दर पंधरा मिनिटांनी थांबून डिफ्रॅक्शन पॅटर्न (क्रिस्टलमधून गेलेल्या इलेक्ट्रॉनने उमटवलेले ठिपके) बघायचा, ठिपके टोकदार आहेत तोवर क्रिस्टल शाबूत आहे असं समजायचं.

दुसरा निर्णय असा की प्रत्येक व्होल्टेजला पीक कुठे येणार हे आधी कागदावर लिहून, सही करून, लिफाफ्यात घालून काकांकडे द्यायचं. सर म्हणाले, जरा नाटकी वाटतंय. वाटू दे म्हटलं. पहिल्या वेळी आम्ही आकडा आधी काढलाच होता की, पण तो एकच होता, आणि एक आकडा योगायोगाने जुळू शकतो. चार आकडे एका वळणावर जुळणं अवघड असतं.

आणि इथे दुसरी चूक केली. सिग्नल सगळ्यात जास्त २०० केव्हीला येणार म्हणून सुरुवात २०० पासून केली. पीक आलं, २.०८ ला, रुंद होतं पण होतं. सगळे खूष. मग त्याच तुकड्यावर त्याच जागी १२०, मग ८०. आणि पीक प्रत्येक वेळी अपेक्षेपेक्षा बरंच बुटकं, ८० ला तर आहे की नाही अशी शंका. आम्ही दोन दिवस सिद्धांत घेऊन बसलो की कमी वेगाला उत्पन्न एवढं का पडतंय, तिने एक चांगलं लांबलचक गणित पण केलं, आणि मग डिफ्रॅक्शनचे जुने फोटो ओळीने लावले तेव्हा कळलं की ठिपके फिके होत गेलेत आणि मागे धूसर कडं आलंय. ग्रॅफाइटमधले कार्बनचे अणू साधारण ८० केव्हीच्या वरच्या इलेक्ट्रॉनने जागेवरून उडायला लागतात. २०० ला तासभर ठेवून आम्ही तो तुकडा स्वतःच बिघडवला होता आणि मग त्याच बिघडलेल्या तुकड्याला विचारत होतो की बाबा तू मंद का पडलास.

म्हणजे डिफ्रॅक्शन बघायचा नियम होता, फोटो काढलेही होते, पण ज्याने त्याने फक्त त्या क्षणी स्क्रीनवर "आहेत ठिपके" एवढंच बघितलं, आधीच्या फोटोशेजारी ठेवून कोणी बघितलं नाही.

मग नवा तुकडा, साधारण १०० नॅनोमीटर जाड, म्हणजे ३०० च्या आसपास थर, आणि उलटा क्रम: ६०, ८०, १२०, २००, आणि शेवटी परत ६० ला येऊन पहिल्यासारखंच मिळतंय का ते बघायचं, वेगळ्या ताज्या जागेवर. व्होल्टेज एवढ्या वेळा बदलणं काकांना अजिबात आवडत नाही, प्रत्येक वेळी मशीन स्थिर होऊ द्यायचं, परत अलाइन करायचं, आणि ते त्यांनी आम्हाला दर वेळी सांगितलं, पण केलं.

काय निघालं

चारही व्होल्टेजला पीक कागदावर लिहिलेल्या जागी, डिटेक्टरच्या अचूकतेच्या आत. ६० चं जरा कुरकुरीचं होतं कारण १.४९ ला होल्डरमधल्या अॅल्युमिनियमची लाइन खांद्याला खांदा लावून उभी होती, तिथे दोन पीक वेगळी करावी लागली आणि ते मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. रुंदी ६० ला शंभर इव्हीच्या थोडी वर, २०० ला पावणेदोनशेच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक डिटेक्टरच्या कोनामुळे आणि डिटेक्टरच्या स्वतःच्या रिझोल्यूशनमुळे. ३०० थरांची लाइन मुळात यापेक्षा कितीतरी सडपातळ असायला हवी, पण ते आमच्या डिटेक्टरला दिसणारच नाही.

सगळ्यात खात्री पटली ती नमुना कलता करून. बीम तिथेच, डिटेक्टर तिथेच, फक्त तुकडा २० अंश कलवला, की थरांना काटकोनातला इलेक्ट्रॉनचा वेग कॉस २० पट होतो आणि २.०८ ची लाइन १.९५ ला यायला हवी. आली. तांबं, अॅल्युमिनियम, काहीच जागचं हललं नाही आणि आपली तेवढी सरकली. कुठल्याही मूलद्रव्याची लाइन नमुना कलवला म्हणून सरकत नाही, त्यामुळे यापुढे वाद उरला नाही. काकांनी लिफाफा उघडून आकडा वाचला आणि पहिल्यांदाच म्हणाले की आता छापा.

आता कडू भाग. हे कॉम्पॅक्ट एक्सरे सोर्स झालं का? नाही. फोटॉन इतके कमी की त्याने कसलीही प्रतिमा काढायची तर कोणी वाट बघणार नाही. आणि टीईएम स्वतः माणसापेक्षा उंच, खोलीभर पसरलेलं, त्याला कॉम्पॅक्ट म्हणणं म्हणजे धाडस. आम्ही दाखवलं ते एवढंच की आमच्या हातातल्या साधनांनी सरकणारी लाइन मिळते. प्रपोजलमध्ये मात्र "टेबलावर मावणारा सोर्स" असं लिहिलेलं होतं आणि अहवाल लिहिताना त्या वाक्याशी बरीच कुस्ती झाली. सरांनी शेवटी ते वाक्य बदलून सरळ लिहिलं की तीव्रता अजून खूप कमी आहे. मला ते आवडलं.

तीव्रता वाढवायचे रस्ते माहितीचे आहेत, करंट वाढवा, थर वाढवा, पण करंट वाढवला की उष्णता आणि नुकसान, थर वाढवले की इलेक्ट्रॉनची दिशा बिघडणं. आपोआप काही होत नाही. दुसऱ्या ग्रुपांनी वेगवेगळ्या अंतराचे थर एकावर एक रचून बाहेर पडणारा एक्सरे एका ठिकाणी फोकस करायची कल्पना मांडली आहे, म्हणजे लेन्स वेगळी लावायची गरज नाही, एक्सरेला चांगली लेन्स मिळणं हे एक वेगळंच दुखणं आहे. ते आम्हाला करून बघायचंय पण रचलेल्या थरांमध्ये मधे हवेचे आणि कचऱ्याचे फुगे राहतात, आणि आमच्या हाताला अजून ती सफाई नाही.

परत केलं तर

टेबल पहिल्या दिवशी. मटेरियल, व्होल्टेज, ग्रिड आणि नमुना करायची पद्धत हे चार वेगवेगळे निर्णय नाहीत, एकच आहे, आणि आम्ही ते चार वेगवेगळ्या माणसांवर चार वेगवेगळ्या दिवशी सोडले होते. मॉली सरांनी निवडलं, १०० केव्ही मी सुचवलं, ग्रिड तिने ड्रॉवरमधून उचलली. प्रत्येक निर्णय एकटा बघितला तर ठीकच होता.

सॉफ्टवेअरमधली वगळलेली यादी आता प्रत्येक प्रयोगाआधी रिकामी करतो. कटकट होते, तांबं तांबं करत बसतं, करू दे.

रिकाम्या भोकातला स्पेक्ट्रम आधी घ्यायचा, नमुन्याचा नंतर. आम्ही तो चौथ्या दिवशी घेतला आणि तोही काकांनी विचारलं म्हणून. आणि कलवून बघणं, जे आम्ही अगदी शेवटी केलं, ते खरंतर पहिल्या तासात करता आलं असतं, त्याला व्होल्टेज बदलायला लागत नाही, अलाइनमेंट नाही, एक नॉब फिरवायचा. कलवताना ग्रिडची पट्टी डिटेक्टरच्या आड येते त्यामुळे कुठल्या बाजूला कलवायचं ते बघावं लागतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र आमच्यात अजून ठरलेली नाही. सरांचं म्हणणं की ग्रॅफाइट पहिल्यापासून घेतलं असतं तर तीन महिने वाचले असते. तिचं म्हणणं की ग्रॅफाइट आणि तो मोठा डिटेक्टर घेऊन २०० ला बसलो असतो तर लाइन ४४० इव्ही रुंद पसरली असती, काहीच दिसलं नसतं, आणि तांब्याच्या खोट्या पीकने निदान सगळ्यांना कामाला तरी लावलं, नाहीतर दुसऱ्या आठवड्यातच "होत नाही" म्हणून सोडून दिलं असतं. मला तिचं जास्त पटतं, पण मीच १०० केव्ही सुचवलं होतं त्यामुळे माझं मत धरू नका.

मॉलीचा जुना २०० केव्हीचा स्पेक्ट्रम तिने मध्यंतरी परत काढून बॅकग्राउंड नीट वजा करून बघितला. ११०० च्या आसपास एक बसका उंचवटा आहे असं तिला वाटतं. काकांना दाखवला, ते म्हणाले ग्रिड बदलून, डिटेक्टर मागे घेऊन परत करा मग बोलू. बेरिलियमची ग्रिड मागवलीय.